स्वस्तातला प्रोटीन स्किमर सुधारताना : नाशिकच्या इंदिरानगरमधल्या खाऱ्या टाकीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली ७५ सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. खडक आणि वाळूची जागा सोडली तर सगळं मिळून साधारण २४० लिटर पाणी. आत दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल आणि एक क्लीनर झिंगा. प्रवाळ ठेवलेले नाहीत, ठेवणारही नाही. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईचा समुद्र इथून पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणून प्रत्येक थेंब आरओचं पाणी आणि विकतचं मीठ मिसळून केलेला. मिठाचा हिशेब लिटरमागे १० रुपयांच्या आसपास पडतो. त्यामुळे पाणी सांडलं की मला खरंच वाईट वाटतं, आणि पुढच्या नोंदींत ते बऱ्याचदा सांडणार आहे.

स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेस करतो, आणि तो फेस घाण घेऊन गळ्यातून वरच्या कपात चढतो. माझा पाच महिन्यांपूर्वी ४,२०० रुपयांना घेतला. खोक्यावर '३०० लिटरपर्यंत' लिहिलेलं. कपात आठवड्याला पाव लिटर पाणी जमतं, तेही फिकट चहासारखं. काचेला दोन दिवसांत शेवाळ, माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट ४० च्या खाली येत नाही, आणि बारीक बुडबुडे वरच्या टाकीत येऊन माशांभोवती फिरतात. चांगला स्किमर घ्यायचा तर ११-१२ हजार. ते सध्या जमणार नाही. म्हणून हाच सुधारायचा, आणि जे होईल ते इथे लिहायचं.

आधी मोजणी. पंप किती वीज खातो ते प्लगमध्ये लावायच्या मीटरवर दिसतं : १३.४ वॅट. किती हवा ओढतो ते मोजायला दोन लिटरच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून स्किमरची हवेची नळी तिथे घट्ट बसवली, आणि बाटली उलटी करून तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवलं. पंप बाटलीतली हवा ओढतो, तसं पाणी आत चढतं. आधीच एकेक लिटरच्या खुणा केल्या होत्या, घड्याळ लावलं. पहिल्यांदा १ लिटरला ४३ सेकंद लागले. मग लक्षात आलं की बाटली एका जागी धरून ठेवली तर आत चढलेल्या पाण्याचं वजनही पंपालाच ओढावं लागतं. बाटली हळूहळू खाली दाबत नेली, आतलं आणि बाहेरचं पाणी कायम एका पातळीत ठेवलं, तेव्हा ३२ सेकंद आले. म्हणजे मिनिटाला १.९ लिटर. हाच आकडा पायाभूत धरला.

१३ फेब्रुवारी

तो आकडा चुकीचा निघाला. मोजणी बरोबर होती, पण पंपच घाण होता. उघडला तर हवेची नळी जिथे पंपाला जोडते त्या बारीक छिद्रात मिठाचा खडा, अर्धं छिद्र बंद. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, खोबणीत पांढरा थर. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला. सकाळी १ लिटरला २३ सेकंद, म्हणजे मिनिटाला २.६ लिटर. ४० रुपयांच्या लिंबूसत्त्वात एवढी सुधारणा! कोणी हे काम हाती घेणार असेल तर काहीही कापण्याआधी पंप असा साफ करून मगच मोजा. नाहीतर सफाईचं श्रेय तुम्ही नंतर चाकावर गुंडाळलेल्या जाळीला देऊन बसाल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जाळी. कल्पना साधी आहे. मूळ चाकाला सुया आहेत, त्या मोजक्या आणि जाड. त्यांच्यावर जाळी गुंडाळली की हवा जास्त बारीक फुटते, बुडबुडे लहान होतात, फेस घट्ट होतो.

मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. बाग छाटणीपासून काढणीपर्यंत मी लहानपणी पाहिलेली, आणि त्यांच्या शेडमध्ये शेडनेटचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, ग्रोमेट (नळीच्या जोडाला लावायच्या रबरी कड्या) असं पोतंभर सामान पडलेलं असतं. सध्या काढणी जोरात, तरी मामांनी फोनवर विचारलं, "कशाला पाहिजे गं तुला शेडनेट?" सांगितल्यावर म्हणाले, "माशांसाठी? ने की, पण ते उन्हात बसलेलं आहे, बघून घे." ते मी नीट ऐकायला हवं होतं.

शेडनेटचे चार थर गोल कापले, मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याने सुयांना शिवले. मूळ चाक ३६ मि.मी., पंपाची खोली ४२ मि.मी. माझं चाक ४० च्या आसपास झालं, पण नीट गोल नव्हतं. चालू केल्यावर घरघर. वाटलं, बसेल हळूहळू. संध्याकाळी सहा तासांनी पंप बंद पडलेला. शेडनेटच्या पट्ट्या उसवून शाफ्टभोवती आवळल्या होत्या, आणि उन्हाने ठिसूळ झालेल्या पट्ट्यांचे हिरवे तुकडे सम्पभर.

१७ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी टाकली. तुकडे वेचले, फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) लावून पाणी चार तास फिरवलं. डॅमसेल कुठलाही तुकडा तोंडात घेतात, त्यामुळे जीव वर-खाली. सगळे मासे ठीक आहेत. शेडनेट पुन्हा पाण्यात जाणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरी जाळी : कोई माशांच्या तळ्यात फिल्टरला वापरतात ती जपानी मॅट. कडक तंतूंची, मोकळी. छोटा तुकडा ३५० रुपये. ही उसवत नाही, कारण ती विणलेलीच नसते, तंतू एकमेकांना चिकटवलेले असतात.

यावेळी घाई केली नाही. मी कामावर गुणवत्ता तपासणीत आहे, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर रोज हातात असतो. मागच्या रविवारी तोच घरी न वापरल्याचा मला राग आला होता. मॅट आडवी चिरून १० मि.मी. जाडीची चकती केली, सुयांमधून दोरा आरपार ओवून सहा ठिकाणी बांधली. टोकं कापून गाठीवर लायटर फिरवला. मग चाक सिरॅमिक शाफ्टवर बसवून बोटाने फिरवायचं, जी बाजू दर वेळी खाली येऊन थांबते तिथून कात्रीने किंचित छाटायचं, पुन्हा फिरवायचं. दीड तास गेला. चाक कुठेही थांबू लागलं तेव्हा समतोल झाला असं समजले.

पहिल्यांदा व्यास ४१ ठेवला. फिरताना मॅट बाहेरच्या बाजूला ताणली जाते आणि भिंतीला घासते, हे आवाजावरून कळलं. ३८ वर आणला. आवाज गेला.

हवा : १ लिटरला १४ सेकंद, मिनिटाला ४.३ लिटर. वीज ११.२ वॅट. वीज कमी झाली म्हणजे काहीतरी बिघडलं असं आधी वाटलं, पण ते बरोबरच आहे. पंपात पाण्याच्या जागी हवा जास्त आली की चाकावरचा भार हलका होतो.

एकच खोट. पाच वेळा बंद-चालू केला तर दोनदा पंप नुसता थरथरला, फिरलाच नाही. या छोट्या मोटरींना सुरू होताना फारसा जोर नसतो आणि माझं चाक जड. चकतीची जाडी १० वरून ६ मि.मी. केली, पुन्हा समतोल केला. आता २० वेळा चालू केलं, वीसच्या वीस वेळा फिरला. हवा थोडी घटून १४ चे १५ सेकंद झाले. ते चालेल. आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा पंप प्रत्येक वेळी स्वतःहून सुरू होणं मला जास्त महत्त्वाचं आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती म्हणून दिवसभर नुसती बघत बसले. बरं झालं. सकाळी फेस कपात भरभरून, दुपारी गळ्याच्या मध्यावर, रात्री गळ्याच्या तळाशी. सकाळी मी बाष्पीभवनाचं पाणी भरते, लगेच पुन्हा कप ओसंडतो. हवा दुप्पट झाल्यामुळे फेस आता पातळीच्या प्रत्येक मिलिमीटरला हलतो. आधी तो इतका मरतुकडा होता की हे दिसतच नव्हतं.

चूक माझ्या मांडणीत आहे. स्किमर मी सम्पच्या शेवटच्या कप्प्यात ठेवलाय, जिथे वर पाणी पाठवणारा पंप आहे. टाकीतून उडालेलं सगळं पाणी याच कप्प्यात कमी होतं. कप्पा ३५ × ४० सें.मी. रोज २.८ लिटर पाणी उडतंय. भागाकार केला तर रोज बरोबर २ सें.मी. पातळी उतरते. फेब्रुवारीतली नाशिकची कोरडी हवा आहे ही. एप्रिलमध्ये काय होईल ते दिसतंच आहे. मी जाळीवर दोन रविवार घातले ते फुकट गेले असं नाही, पण पातळीचं काम पहिलं करायला हवं होतं. हे आधी केलं असतं तर जुन्या चाकासहसुद्धा हा स्किमर आजच्यापेक्षा बरा चालला असता, असं मला आता ठामपणे वाटतं.

स्किमर पहिल्या कप्प्यात न्यायचा. तिथे मधल्या काचेमुळे पाणी कायम २४ सें.मी. वर राहतं, उडो वा न उडो. स्किमरला लागतं १७. म्हणजे ७ सें.मी. उंचीचं स्टँड.

१ मार्च

स्टँड यूपीव्हीसीच्या पाऊण इंची पाइपचं, चार टी आणि चार एल्बो, सगळं सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेलं. दोन दिवस वाळवून पाण्यात ठेवलं तर ते तरंगलं! बंद पाइपात हवा होती. स्किमर एका बाजूला कलला आणि कपातलं घाण पाणी सम्पमध्ये. स्टँड बाहेर काढून प्रत्येक पाइपला वर-खाली ५ मि.मी.ची भोकं पाडली. आता तळाशी नीट बसतं. भोकं चिकटवण्याआधी पाडायची असतात, म्हणजे आतला चुरा धुता येतो.

२ मार्च, रविवार

पातळी स्थिर झाली, आता स्किमरच्या आतल्या पाण्याची उंची हातात हवी. मूळ व्यवस्था अशी की बाहेर जाणाऱ्या नळीवर तिरकी कापलेली दुसरी नळी आहे, ती फिरवायची. ती ढिली आहे, पंपाच्या थरथरीने रात्रीत स्वतः फिरते.

शालिमारजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पाणी हळूहळू कमी-जास्त करता येणारा गेटव्हॉल्व्ह मागितला तर पितळी मिळाला. तो परत केला. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं, आणि तांबं झिंग्यांना मारतं. प्लास्टिकचा गेटव्हॉल्व्ह त्या भागात तीन दुकानांत नव्हता. शेवटी यूपीव्हीसीचा बॉलव्हॉल्व्ह १४० रुपयांना घेतला. बसवला, आणि तासाभरातच कळलं की हे काम त्याचं नाही. मूठ नखभर हलवली की फेस तीन सें.मी. वर, तेवढीच उलट हलवली की पार खाली. बॉलव्हॉल्व्ह बंद-चालू करायला बनवलेला आहे, मधे कुठेतरी अडकवून ठेवायला नाही. १४० रुपये गेले.

५ मार्च

उपाय डोक्यावरच्या टाकीत सापडला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला जो टाकी निपल लावतात, त्याचे आटे लांब आणि सरळ असतात. इतर फिटिंगचे आटे निमुळते असतात, दोन-तीन फेऱ्यांत आवळून बसतात. टाकी निपल मात्र बारा-पंधरा फेरे सहज वर-खाली फिरतो. स्किमरच्या बाहेर जाणाऱ्या नळीला एल्बो लावून तोंड वर केलं, त्यावर आतून आटे असलेला कपलर आणि त्यात एक इंची टाकी निपल उभा. पाणी निपलच्या वरच्या काठावरून सांडतं. निपल फिरवला की काठ वर-खाली होतो आणि स्किमरच्या आतली पातळीही तेवढीच बदलते. व्हर्नियरने मोजलं : एका फेऱ्याला दोन मि.मी.पेक्षा किंचित जास्त. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे दिले की थरथरीने हलत नाही.

पाव फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. गेटव्हॉल्व्हपेक्षा हे मला जास्त आवडलं, कारण वाट कुठेही अरुंद होत नाही, म्हणून गोगलगाय किंवा शेवाळ अडकून पाणी तुंबायची भीती नाही. एल्बो, कपलर, निपल आणि स्टँडचे पाइप मिळून ३८० रुपये.

९ मार्च, रविवार

कपाला तळातून निचरा करायचा होता, म्हणजे घाण आपोआप खालच्या बाटलीत जाईल. मामांच्या पोत्यातलं १६ मि.मी.चं रबरी ग्रोमेट आणि विकतची ठिबकची नळी त्यासाठी अगदी योग्य. ग्रोमेट भोकात दाबायचं, नळीचा जोड आत घुसवायचा, गळती शून्य. शेतात वर्षानुवर्षं हेच चालतं.

भोक पाडताना कप तडकला. साधं ड्रिल बिट जोरात आत घुसतं, ॲक्रेलिकला ओढतं आणि पलीकडून बाहेर पडताना फोडतं. भोकापासून काठापर्यंत २ सें.मी. तडा. घाबरून हाताशी होतं ते यूपीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट लावलं, तर तड्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या आणखी बारीक रेषा उमटल्या.

संध्याकाळी साइनबोर्ड बनवणाऱ्या ओळखीच्या दादांकडे गेले. त्यांनी कप उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे पाइपवाल्याचं काम नाही. ॲक्रेलिकला क्लोरोफॉर्म लागतो. आणि भोक पाडताना खाली लाकूड दाबून धरायचं, ड्रिल उलटं फिरवत सुरुवात करायची." सिरिंजने दोन थेंब तड्यात सोडले, ते स्वतःच आत ओढले गेले आणि तडा मिटला. ८० रुपये घेतले. क्लोरोफॉर्म घरात वापरायचा पदार्थ नाही, त्यांनीही ते दुकानाबाहेर मोकळ्यावर केलं. खबरदारी म्हणून तड्यावर बाहेरून मत्स्यालयाच्या सिलिकॉनचा थर दिला.

११ मार्च

सिलिकॉन चोवीस तास वाळवून कप बसवला. रात्री दहाला फेस वेड्यासारखा उसळला. बाटली भरली, तिच्या तोंडातून बाहेर, ३ लिटर पाणी जमिनीवर. निपल चार फेरे खाली घेतला तरी थांबेना. शेवटी कप काढून स्किमर तसाच उघडा चालू ठेवला. ताजं सिलिकॉन, इपॉक्सी असलं काहीही पाण्यात गेलं की एक-दोन दिवस असं होतं. निपलशी झगडून उपयोग नाही, थांबायचं.

१३ मार्च

शांत झाला. निपल जुन्या जागी.

१४ मार्च, धूलिवंदन

आजची नोंद पूर्ण वाचा, बाकी काही वाचलं नाहीत तरी.

दुपारी वीज गेली, चाळीस मिनिटांनी आली. वीज जाते तेव्हा वरच्या टाकीतलं पाणी नळीतून उलट खाली येतं आणि सम्पची पातळी ५-६ सें.मी. चढते. वीज आल्यावर दोन्ही पंप एकदम सुरू. वर पाणी पाठवणारा पंप पातळी उतरवेपर्यंत स्किमर खोल पाण्यात उभा, आणि त्या दीड मिनिटात कप, बाटली, सगळं ओसंडून ५ लिटर खारं पाणी कपाटात. एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाशी होता. आई आवाज ऐकून पुसायला गेली आणि तिला हाताला झिणझिण्या आल्या. तिने हात मागे घेतला म्हणून निभावलं. मी घरी नव्हते.

आजच बोर्ड उचलून भिंतीवर, पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा उंच लावला. प्रत्येक वायर आधी बोर्डाखाली झोल देऊन मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी केलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

इलेक्ट्रिशियन काकांकडून टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, मजुरीसह १,७०० रुपये. टेस्टचं बटण दाबून तीनदा पाहिलं. अर्थिंगही तपासून घेतलं. आईने बसवताना शेजारी उभं राहून सगळं विचारून घेतलं, आता महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बटण तीच दाबणार आहे.

वरच्या पाण्याच्या नळीला पृष्ठभागाच्या जरा खाली ४ मि.मी.चं भोक पाडलं. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. आता वीज गेल्यावर सम्प फक्त दीड सें.मी. चढतो. भोकात शेवाळ धरतं, म्हणून दर आठवड्याला काडी फिरवायची.

उरलेल्या दीड सें.मी.साठी स्किमर उशिरा सुरू व्हायला हवा. टाइमर रिले शोधत होते तेव्हा आईनेच विचारलं, "आपल्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर वीज आल्यावर तीन मिनिटं थांबायचा ना?" माळ्यावरून तो काढला. चालू होत नाही.

१९ मार्च, रंगपंचमी

स्टॅबिलायझर दुरुस्तीला मेनरोडला न्यायचा होता. आज जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद) उघडलेल्या, रस्ते माणसांनी भरलेले, दुकानं बंद. नाशिककर असून मला तारीख लक्षात राहिली नाही. एका रहाडीपर्यंत जाऊन आले, कपडे पिवळेजर्द झाले. आल्यावर दोनदा साबणाने हात धुतले आणि तरी आज टाकीत हात घातला नाही.

२१ मार्च

स्टॅबिलायझर १५० रुपयांत दुरुस्त, आतला फक्त फ्यूज आणि एक जळका जोड होता. स्किमर एकटा त्यावर. मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी चालू केला : वर पाणी पाठवणारा पंप लगेच सुरू, स्किमर तीन मिनिटांनी, तोवर पातळी जागेवर. चार वेळा केलं. चारही वेळा जमीन कोरडी.

२३ मार्च, रविवार

बुडबुडे स्किमरमध्ये शिरतात तिथे भोकांची चकती बसवली की पाणी शांत वर चढतं, म्हणून अंबड एमआयडीसीत लेझरने ३ मि.मी. ॲक्रेलिकची चकती कापून घेतली, ४ मि.मी.ची भोकं, ४५० रुपये. बसवली. फरक शून्य, उलट पाण्याचा वेग अडल्याने हवा १५ सेकंदांवरून १७ वर गेली. महागड्या स्किमरमध्ये चकतीचा उपयोग होत असेल, त्यांचं अंग रुंद असतं. माझ्या अरुंद नळकांड्यात तिला जागाच नाही. काढली.

२७ मार्च

दोन दिवस रोज रात्री आठला फेस पार बसतो, मी निपल अर्धा फेरा वर घेते, पहाटे कप ओला आणि पाणचट. आज वेळ लिहून ठेवल्यावर उमजलं : साडेसातला मासे जेवतात. खाण्यातलं तेल पाण्यावर आलं की फेस तीन-चार तास मरतो, मग आपोआप उठतो. निपलला हात न लावणं हा उपाय. हाताला क्रीम लावून टाकीत काम केलं तरी हेच होतं.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून कप उघडला. तीन दिवसांत २५० मि.लि., काळपट हिरवं, दाट, वास असा की खिडकी उघडावी लागली. मला इतका आनंद झाला की आईला कप दाखवायला नेला. ती श्रीखंड काढत होती, तिने दुरूनच पाहिलं.

पाणी बदलणं आधीसारखंच, आठवड्याला २५ लिटर. माशांचं खाणंही तेवढंच. नायट्रेट ४० वरून २० वर. काच पुसायला आता पाच दिवसांनी लागते. वरच्या टाकीत बुडबुडे येत नाहीत. याचं श्रेय जाळीला नाही, जागा बदलल्याला आहे, कारण पहिल्या कप्प्यातून निघालेले बुडबुडे मधल्या काचांमध्ये विरून जातात.

६ एप्रिल, रविवार

ऊन तापलंय. पंखा लावूनही टाकी २९ अंशांवर, पाणी रोज साडेचार लिटर उडतं. स्किमर तसूभर हलत नाही. फेब्रुवारीत जी भीती लिहिली होती ती गेली.

नवीन त्रास मिठाचा. कोरड्या हवेत हवेच्या नळीच्या आतल्या टोकाशी तुषार वाळून मिठाचा खडा पाच दिवसांत धरतो. आवाज बदलतो, बुडबुडे मोठे होतात, मोजलं तर १५ चे २१ सेकंद. पंप न उघडता उपाय : पेल्यात कोमट आरओ पाणी घ्यायचं, चालू पंपाच्या हवेच्या नळीचं बाहेरचं टोक त्यात दोन-दोन सेकंद तीन-चार वेळा बुडवायचं. पंप ते पाणी ओढतो, खडा विरघळतो. लगेच १५ सेकंद. आता दर रविवारी आणि बुधवारी.

१३ एप्रिल, रविवार

सात आठवड्यांनी चाक उघडून पाहिलं. मॅटच्या कडेचे तंतू किंचित झिजलेत, व्यास ३८ चा ३७.५. दोरा शाबूत, गाठी शाबूत. मॅटच्या पोटात तपकिरी चिकटा होता, तो गरम पाण्याने निघाला. दुसरं चाक आजच कापून, समतोल करून डबीत ठेवलं, म्हणजे हे तुटलं तर स्किमर रविवारची वाट बघत बंद राहणार नाही.

हिशेब. लिंबूसत्त्व ४०, मॅट ३५०, दोरा ६०, पाइप-निपल ३८०, बॉलव्हॉल्व्ह १४०, ठिबकची नळी आणि जोड ७०, सिलिकॉन २२०, तड्याचं काम ८०, चकती ४५०, स्टॅबिलायझर १५०, सांडलेल्या पाण्याचं मीठ ८०. एकूण २,०२० रुपये. त्यात बॉलव्हॉल्व्ह आणि चकतीचे ५९० पूर्ण वाया. आरसीसीबीचे १,७०० यात धरलेले नाहीत. ते स्किमरचे नाहीत, खाऱ्या टाकीचे आहेत. ग्रोमेटचे पैसे मामांनी घेतले नाहीत. वेळ सात रविवार आणि एक पगारी सुट्टी.

मामांचा परवा फोन होता, काढणी संपली. टाकी बघायला पुढच्या आठवड्यात येतायत, येताना नवं कोरं शेडनेट आणतो म्हणाले. त्यांना सांगितलं, "मामा, शेडनेट नको, १६ चे ग्रोमेट आणा दहा-बारा."